चाळीस नंबरच्या बॅरलपासून: आमची वाटचाल

१९८७ साली आप्पांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेतला, तेव्हा त्यात मालाच्या नावाने एकच वस्तू होती: २१० लिटरचं बॅरल आणि त्यावर बसवलेला हातपंप. बॅरलमध्ये एसएई ४०, म्हणजे चाळीस जाडीचं इंजिन ऑइल. गिऱ्हाईक त्याला नुसतं 'चाळीस नंबर' म्हणायचं. शेतकरी घासलेटाचा डबा धुऊन आणायचे, आप्पा पंपाने मापून द्यायचे आणि डब्याचं तोंड पुसायला फडकंही स्वतःच द्यायचे.

तेव्हाचं गिऱ्हाईक म्हणजे नदीकाठच्या विहिरींवरची ऑइल इंजिनं आणि गुऱ्हाळं. ही इंजिनं सावकाश चालणारी, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नाही, काही नाही. सकाळी हँडल मारून एकदा सुरू केलं की दिवसभर एकाच गतीने ओढणार. अशा इंजिनाला एकाच नंबरचं ऑइल चांगलं मानवतं. थंडीत हँडल जड झालं की आप्पा तीस नंबर द्यायचे, उन्हाळा लागला की परत चाळीस. आमचा धंदा या दोन नंबरांवर उभा राहिला, आणि त्या काळात तो चुकीचा नव्हता हे मी आजही ठामपणे सांगतो.

मी २००३ साली गाळ्यात बसायला लागलो. तोवर विहिरींवर विजेच्या मोटरी आल्या होत्या आणि इंजिनांच्या जागी गिऱ्हाईक म्हणून पिकअप आल्या होत्या. गुळाचे रवे, भाजी, दुधाचे कॅन, फौंड्रीचं कास्टिंग, सगळं पिकअपमधून. त्यातल्या जुन्या, बिनटर्बोच्या गाड्या चाळीस नंबरवर वर्षानुवर्षं चालल्या. शेतकऱ्याच्या घरी एकच डबा असायचा, तोच ट्रॅक्टरला, तोच पंपाच्या इंजिनाला, तोच पिकअपला. आम्हीही कधी अडवलं नाही.

२०११ च्या डिसेंबरात राधानगरी भागातले एक दूधवाले नवी पिकअप घेऊन आले. टर्बो आणि कॉमन रेल, म्हणजे जास्त दाबाने डिझेल फवारणारं नवं इंजिन. म्हणाले, "दादा, ट्रॅक्टरला घालतोय तेच घाला, चाळीस नंबर. गरम झालं की पातळ हुईत न्हाई." मी घातलं. गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय हे उघडून बघितलं नाही. ही चूक माझी.

फेब्रुवारीत गाडी परत आली ती शिट्टी मारत आणि निळा धूर सोडत. टर्बोचा शाफ्ट बोटाने हलत होता. आम्ही ऑइल चेंबर खाली घेतला. तळाला डांबरासारखा काळा गाळ, आणि ऑइल पंपाची जाळी अर्ध्याहून जास्त भरलेली. आमच्याकडे येणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी तो गाळ दोन बोटांत चोळला, वास घेतला आणि मला विचारलं, "नंबर बघितलास, बाळ. त्याच्या खालची अक्षरं बघितलीस का?"

मी बॅरलपाशी गेलो. एसएई ४०, आणि खाली बारीक छापलेलं 'एपीआय सीएफ', म्हणजे ऑइलचा दर्जा सांगणारी अक्षरं. गाडीच्या पुस्तकात मागितलं होतं १५डब्ल्यू-४०, म्हणजे थंडीचा आणि गरमीचा असे दोन नंबर असलेलं मल्टिग्रेड ऑइल, आणि अक्षरं 'सीएच-४ किंवा वरचं'. सीएफ हा दर्जा १९९४ चा, मुख्यतः रस्त्यावर न चालणाऱ्या, जुन्या पद्धतीने डिझेल फवारणाऱ्या इंजिनांसाठी. सीएच-४ आला १९९८ मध्ये, त्यात काजळी सुटी सुटी धरून ठेवायची ताकद जास्त. आमच्या ऑइलात ती नव्हती म्हणून काजळी एकमेकीला चिकटली आणि तळाला बसली.

जाडीचाही दोष होताच. हे भाऊ पहाटे चारला सेल्फ मारायचे आणि लगेच कॅन भरून चढाला लागायचे. टर्बोचा शाफ्ट ओढीवर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो टेकलेला असतो फक्त ऑइलच्या पातळ थरावर. गार, जाड ऑइल त्यात अर्धी जाळी बंद, म्हणजे तिथवर पोचायला वेळ. त्या वेळात रोज थोडं थोडं घासत गेलं. टर्बोचा आणि इंजिन साफ करण्याचा खर्च आम्ही उचलला. आप्पांनी एका शब्दानेही विचारलं नाही, फक्त हिशेबाच्या वहीत ती रक्कम स्वतःच्या हाताने लिहिली.

त्यानंतर मी काउंटरवर दोन काचेच्या बाटल्या ठेवल्या. एकीत एसएई ४०, दुसरीत १५डब्ल्यू-४०, दोन्हींत वर थोडी हवा सोडलेली. त्या फ्रीजमध्ये असतात. "मल्टी कशाला, आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय?" असं कुणी म्हटलं की बाहेर काढून दोन्ही एकदम उलट्या धरायच्या. पंधरावाल्या बाटलीतला बुडबुडा वर पोचतो तेव्हा चाळीसवाल्यातला अजून वाटेत असतो. मग त्याच बाटल्या गरम पाण्यात ठेवायच्या आणि परत उलटायच्या. आता दोन्ही बुडबुडे जवळजवळ बरोबरीने जातात. दुधवाल्यापासून फौंड्रीवाल्यापर्यंत कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

खरं तर १०० अंशांवर दोन्ही एकाच मापात बसतात: १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक). 'चाळीस' हा आकडा त्या मापाचा. ४० अंशांवर मात्र एसएई ४० साधारण १४० ते १५० असतं आणि १५डब्ल्यू-४० साधारण १०५ ते ११५, आणि आणखी गार झालं की फरक वाढतच जातो. डब्ल्यू म्हणजे विंटर. पंधराच्या ऑइलची चाचणी उणे २० अंशांवर होते. कोल्हापूरला उणे २० कधी यायचं नाही, पण जे तिथे वाहतं ते आपल्या पहाटेच्या बारा-चौदा अंशांत भरभर वाहतं. आपल्या गाडीला उपयोग आहे तो याचा.

एक गोष्ट जुन्या मिस्त्रींच्या बाजूने सांगायलाच हवी. "मल्टी ऑइल चालून चालून पातळ होतं," असं ते म्हणतात ते खोटं नाही. मल्टिग्रेडमध्ये जाडी सांभाळायला पॉलिमर घालतात, आणि गिअर-बेअरिंगमध्ये रगडून ते तुटत जातात. हलक्या मालाचे पॉलिमर लवकर तुटतात आणि चाळीसचं ऑइल तीसच्या मापात उतरतं. सिंगल ग्रेडमध्ये, म्हणजे एकाच नंबरच्या ऑइलात, सहसा तो पॉलिमर नसतोच, म्हणून त्याला ही भीती नाही. यावर आमचं उत्तर एवढंच, की चांगल्या मालाचं ऑइल घ्या आणि पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला बदला.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. पाणी ओसरल्यावर ओढून आणलेल्या गाड्यांची रांग आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत लागली. ड्रेन नट सोडला की आधी पाणी, मग चहात जास्त दूध पडल्यासारखं ऑइल. आम्ही सगळ्यांना एकच सांगत होतो: सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी पाणी काढायचं, नोझल काढून इंजिन हाताने फिरवायचं, मग स्वस्त तीस नंबर भरून थोडा वेळ नुसतं चालवायचं आणि ते ओतून टाकायचं. एकदा, काही गाड्यांना दोनदा. त्यानंतर नेहमीचं ऑइल. त्या दोन आठवड्यांत आमचं सिंगल ग्रेड जितकं खपलं तितकं आधीच्या दोन वर्षांत खपलं नव्हतं, आणि ते आम्ही खरेदीच्या भावाने दिलं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले. आता पिकअपच्या सायलेन्सरच्या आधी काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, असते. अडकलेली काजळी गाडी स्वतः जाळून टाकते, पण ऑइलातल्या रसायनांची राख जळत नाही, ती तिथेच साचते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, पुस्तकात असेल तसं, सीके-४ किंवा त्या कंपनीने सांगितलेलं. बीएस-६ गाडीसाठी कुणी चाळीस नंबर मागितलं तर आम्ही ते विकत नाही. काहीजण चिडून जातात, "पैसं देतोय की!" म्हणतात. त्यातले काही परत आले, काही नाही आले.

आज गाळे तीन आहेत, माणसं सात. प्रत्येक गाडीमागे रजिस्टरला एक ओळ: नंबर, किलोमीटर, ग्रेड, अक्षरं. अक्षरांचा रकाना रिकामा असेल तर मुलगी पावती फाडत नाही, मी सांगितलं तरी.

बॅरल अजून आहे, हातपंपाचं वॉशर मागच्याच महिन्यात बदललं. ऊस तुटायला लागला की पन्हाळ्याकडचे दोन-तीन गुऱ्हाळवाले येतात, ज्यांची जुनी इंजिनं अजून सुरू आहेत. त्यांना चाळीस नंबरच देतो, आणि डब्याचं तोंड पुसायला फडकंही.