आमची वाटचाल: परत न येणारा माल

बाबांच्या टेबलावर पत्र्याचा एक ट्रे असायचा. त्यात तुटून परत आलेल्या स्प्रिंगा पडलेल्या असायच्या. पंपाच्या, कॉम्प्रेसरच्या, क्लचच्या. तक्रार आली की बाबा आधी एकच सांगायचे, "तुटलेली पाठवा, दोन्ही तुकडे पाठवा." मग भिंग लावून तुटीचा चेहरा वाचत बसायचे. भेग वेटोळ्याच्या आतल्या अंगाने सुरू झाली असेल, तर पहिला संशय मँड्रेलच्या, म्हणजे तार ज्या दांड्याभोवती गुंडाळतात त्याच्या ओरखड्यावर, कारण दाबाच्या स्प्रिंगमध्ये सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो. तुटीवर जुन्या गंजाचा पट्टा दिसला, तर भेग कधीचीच पडलेली. आमचं वर्कशॉप या ट्रेवर शिकलं. मीही तिथेच शिकले.

आज आमच्या कामातला मोठा वाटा अशा स्प्रिंगांचा आणि बिजागऱ्यांचा आहे, की त्यातला एकही नग परत येत नाही. तो कक्षेत जातो किंवा सीलबंद नळीत बंद होतो. बरोबर चालला का, हेही कधी कधी आम्हाला दुसऱ्याच्या तोंडून कळतं. परत आलेल्या मालावर शिकलेल्या माणसांनी परत न येणारा माल कसा बनवायचा, हे उमगायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. म्हणून आमची वाटचाल सांगायची तर तीच सांगावी लागेल.

पहिली चौकशी आली ती उपग्रहाच्या सौर पंखाच्या बिजागरीसाठी. टॉर्शन स्प्रिंग, म्हणजे पिळाने जोर देणारी, नग १२. ड्रॉइंग एका पानाचं आणि त्यासोबतच्या अटींचा गठ्ठा मात्र बोटभर जाड. आमचे मामा म्हणजे बाबांच्या बरोबरीने पहिल्या दिवसापासून मशिनवर उभे राहिलेले. त्यांनी ड्रॉइंग पाहिलं आणि म्हणाले, "अगं, ही तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत देतो." १२ नग हातावेगळे व्हायला ७ महिने लागले.

या कामाला या क्षेत्रातले सगळे 'डिप्लॉयमेंट' म्हणतात. नवीन मुलांना समजावताना मी 'उलगडणं' म्हणते. रॉकेटच्या टोपीत जागा थोडी, म्हणून पंख, अँटेना, लांब दांडे घडी घालून आवळून बसवतात. वर गेल्यावर आवळणारा पकडबंध सुटतो, स्प्रिंग बिजागरी फिरवते आणि शेवटी लॅच, म्हणजे उघडलेला भाग जागेवर पक्का धरणारा अडकवा, बसतो. काम काही सेकंदांचं, तेही एकदाच. पण त्या आधी ती स्प्रिंग महिनोन्‌महिने पिळलेल्या अवस्थेत बसून असते, रॉकेटचा हादरा सोसते, उन्हातून गोठवणाऱ्या सावलीत जाते. आदित्य एल-१ च्या चुंबकमापकाचा ६ मीटर लांबीचा दांडा १३२ दिवस घडी होऊन राहिला आणि ११ जानेवारी २०२४ रोजी सुमारे ९ सेकंदांत उलगडला. त्याचेही सांधे स्प्रिंगच्याच जोरावर फिरणारे. ती बातमी आम्ही मशिनं थांबवून वाचली. आमचा त्या कामाशी काडीचा संबंध नव्हता, पण १३२ दिवस आणि ९ सेकंद हे गणित आमच्या रोजच्या ओळखीचं होतं.

त्या पहिल्या ७ महिन्यांत वळण घालायला लागला एक दिवस. बाकीचा काळ गेला तो स्वतःच्या सवयी उलगडून पाहण्यात. तार १७-७ पीएच जातीच्या स्टेनलेसची. वळवून झाल्यावर ती ४८२ अंश सेल्सिअसला तासभर भट्टीत ठेवली की तिला खरी ताकद येते. भट्टीवरचा काटा ४८२ दाखवत होता. गिऱ्हाइकाच्या तपासनीसाने विचारलं, "काटा भट्टीचं तापमान दाखवतो. स्प्रिंगचं कोण दाखवतं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. दाराजवळचा कोपरा थंड आहे हे मामांना हाताने माहीत होतं, म्हणून ते तिथे माल ठेवत नसत. पण हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग आम्ही भट्टीत ९ ठिकाणी थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, लावून नकाशा काढला आणि मामांच्या हातातलं ज्ञान पहिल्यांदा कागदावर आलं. त्यांना त्यात कमीपणा वाटेल अशी मला धास्ती होती. त्यांनी तो नकाशा स्वतःच्या हाताने भट्टीच्या दारावर चिकटवला.

जोर किती ठेवायचा, हाही धडा तिथलाच. आमची जुनी रीत अशी की शंका आली तर तार थोडी जाड घ्या. इथे ते चालत नाही. घर्षण, केबलचा ताठरपणा, थंडीचा परिणाम, सगळं वाईटात वाईट धरून जितका रोध येईल त्याच्या किमान दुप्पट जोर स्प्रिंगकडे हवा. पण त्याहून फार जास्त झाला तर पंख धाडकन लॅचवर आदळतो आणि जे उलगडायचं तेच मोडतं. दोन्ही बाजूंनी कुंपण असलेली ही वाट आहे.

पुढे आम्ही नुसत्या स्प्रिंगवरून पूर्ण बिजागरीवर आलो आणि वंगणाशी गाठ पडली. साधं ग्रीस निर्वातात उडून जातं आणि जवळच्या भिंगावर, आरशावर जाऊन बसतं. म्हणून पदार्थ १२५ अंशांवर २४ तास निर्वातात ठेवून वजन करतात. एकूण घट १ टक्क्याच्या आत आणि थंड पृष्ठभागावर साचणारा अंश ०.१ टक्क्याच्या आत हवा. वंगण नसेल तर एकाच जातीचे स्वच्छ धातू निर्वातात एकमेकांना चिकटू शकतात. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा कोरडा थर तिथे उत्तम चालतो, पण दमट हवेत घासला की लवकर झिजतो. थोडक्यात, जमिनीवर तुम्ही जितक्या वेळा 'चालतं का बघू' म्हणून उघडाल, तितकं वरचं आयुष्य खर्च होतं.

हे आमच्या डोक्यात पक्कं बसलं ते गॅलिलिओ यानामुळे. गुरूकडे निघालेल्या त्या यानाची मोठी अँटेना छत्रीसारखी, १८ काड्यांची. १९८६ च्या चॅलेंजर स्पेस शटलच्या अपघातानंतर उड्डाण लांबलं, यान रस्त्याने ट्रकमधून देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेलं-आणलं गेलं आणि प्रत्यक्ष उड्डाण झालं ऑक्टोबर १९८९ मध्ये. एप्रिल १९९१ मध्ये उघडण्याची आज्ञा दिली तर काही काड्या अडकूनच राहिल्या. तपासात सर्वात संभाव्य कारण निघालं ते असं, की प्रवासातल्या हादऱ्यांनी काड्यांच्या पिना टेकतात तिथला कोरड्या वंगणाचा थर झिजला. छोट्या अँटेनावर, फार मंद गतीने माहिती पाठवत ती मोहीम शास्त्रज्ञांनी नेटाने पार पाडली. मी या घटनेकडे पुरवठादाराच्या जागेवरून पाहते. यानातला तो भाग बिघडला तो अंतराळात नव्हे, बहुधा ट्रकमध्ये. तेव्हापासून आमची प्रत्येक बिजागरी कुलूपपिन लावून, फोममध्ये, हादरा नोंदवणाऱ्या छोट्या यंत्रासकट जाते आणि ती किती वेळा उघडली याची वही तिच्याबरोबर जाते. वही नसेल तर माल दाराबाहेर पडत नाही.

पंखाची जमिनीवरची चाचणी मी पहिल्यांदा पाहिली तो दिवस विसरणं शक्य नाही. वर वजनच नसतं, म्हणून तिथला पंख नाजूक असतो आणि इथे स्वतःच्या भाराने वाकतो. त्यासाठी छताच्या रुळावरून बारीक दोऱ्यांनी तो तोलून धरलेला. खोलीत आठ-दहा माणसं, सगळी गप्प. पकडबंध सुटला, पंख पाण्यात तरंगावा तसा फिरत गेला आणि शेवटी टक् असा एकच आवाज झाला. तो आमच्या लॅचचा.

त्यानंतरच्या निर्वात कक्षातल्या चाचणीत मात्र तीच रचना उणे तापमानात पूर्ण फिरलीच नाही. लॅचपासून ४ अंश अलीकडे थांबली. आम्ही रात्रभर स्प्रिंग मोजत बसलो, ती बरोबर होती. दोषी निघाली बिजागरीवरून जाणारी तारांची जुडी. थंडीत ती काठीसारखी ताठ झाली होती आणि आम्ही तिचा ताठरपणा खोलीच्या तापमानाला मोजला होता. ड्रॉइंगमध्ये त्याचा उल्लेख नव्हता हे खरं. पण बिजागरी आमची होती, तिच्यावरून काय जातं हे आम्ही विचारायला हवं होतं. जुडी चपटी पसरून बिजागरीच्या अक्षालगत सैल वळसा दिला आणि लॅच बसला. आता चौकशी आली की आमचा पहिला प्रश्न असतो, "बिजागरीवरून काय काय जाणार आहे?"

सैन्याचं काम आलं ते दोन अगदी उलट्या तोंडांनी. एकीकडे नळीतून सुटणाऱ्या रॉकेटचे घडीचे पंख. वर्षानुवर्षं नळीत मिटून राहायचं आणि बाहेर पडताच डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडायचं. दुसरीकडे वाहनावरचे अँटेनाचे घडीचे खांब. ते दिवसातून चार वेळा उभे करायचे आणि उतरवायचे, तेही वाळूत, चिखलात, जाड हातमोजे घालून, अंधारात. अंतराळात माणूस नसतो ही अडचण, इथे माणूस असतो आणि तो दमलेला असतो. एमआयएल-एसटीडी-८१० या अमेरिकी लष्करी मानकातल्या वाळू-धूळ, खारं धुकं, कंप, आघात या चाचण्या आम्ही पास केल्या. तरी खांबाच्या लॅचचा खटका आम्ही तीनदा बदलला, कारण हातमोज्याच्या बोटाला तो 'बसला' हे कळत नव्हतं. शस्त्राच्या कामाबद्दल बाबांच्या मनात शेवटपर्यंत घालमेल होती. माझ्याही मनात ती आहे. पण ज्याच्या जिवावर बेततं त्याच्या हातातली वस्तू दगा देणारी असू नये, एवढ्यावर आमचं दोघांचं एकमत होतं.

मिटून ठेवलेल्या स्प्रिंगचा शत्रू म्हणजे शिथिल होणं. ताणाखाली पोलाद हळूहळू आपला जोर सोडतं, तापमान वाढलं की अधिकच. १० वर्षांनी किती सोडेल हे गणिताने काढता येतं, पण मामांना गणितावर सोडणं पटेना. त्यांनी एक कपाट रिकामं केलं. प्रत्येक लॉटच्या ३ जादा स्प्रिंगा, त्याच तारेच्या, त्याच भट्टीतल्या, घडीच्या कोनात क्लॅम्प करून त्यात ठेवायच्या आणि दर वर्षी त्याच महिन्यात जोर मोजून वहीत लिहायचा. आम्ही त्यांना 'साक्षीदार' म्हणतो. बाबांच्या ट्रेची जागा या कपाटाने घेतली.

त्या कपाटानेच आमची लाज राखली. खांबाच्या लॅचसाठी आम्ही उच्च ताकदीच्या कार्बन स्टीलच्या स्प्रिंगा दिल्या होत्या, वर झिंक प्लेटिंग. माल जाऊन ५ दिवस झाले होते. सकाळी मामांनी कपाट उघडलं आणि मला हाक मारली. क्लॅम्पमध्ये एक साक्षीदार दोन तुकडे होऊन पडला होता. त्याला कोणी हात लावला नव्हता, हलवला नव्हता. रात्रीत आपोआप तुटला. भिंगाखाली तूट दाणेदार, चकचकीत, पुन्हापुन्हा ताण पडून येणाऱ्या थकव्याची एक रेघ नाही. बाबांच्या ट्रेमध्ये असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

कारण होतं हायड्रोजन. प्लेटिंगच्या आधीच्या आम्लात आणि प्लेटिंगच्या बाथमध्ये तो पोलादात शिरतो आणि ताणाखाली त्याला ठिसूळ करतो. म्हणून बाथमधून काढल्यापासून ४ तासांच्या आत माल साधारण १९० अंशांच्या भट्टीत जायला हवा आणि तिथे तास न्‌ तास राहायला हवा. प्लेटिंगवाल्याने भट्टी लावली होती, पण माल रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याच्या प्रमाणपत्रावर तापमान होतं, किती तास तेही होतं. कधी सुरू केली हे नव्हतं. आणि ते लिहून द्या असं आम्ही त्याला कधी सांगितलं नव्हतं.

मी तासाभरात गिऱ्हाइकाला फोन केला. आपणहून सांगितलं की सगळा लॉट बाजूला ठेवा, एकही नग लावू नका. सुदैवाने माल अजून स्टोअरमध्येच होता. पूर्ण लॉट परत घेतला, कापून भंगारात टाकला, नव्याने केला. ते नुकसान भरून निघायला वर्ष गेलं. त्या वर्षी कॉम्प्रेसरच्या जुन्या गिऱ्हाइकांनी आमचे पगार चालवले. लहान वर्कशॉपने अशा कामात उतरताना जुनं काम सोडू नये, हे मी कोणालाही सांगेन. तेव्हापासून मालाबरोबर टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या आमच्या रूट कार्डवर दोन वेळा लिहिल्या जातात: बाथमधून कधी निघाला, भट्टीत कधी गेला.

अलीकडे ड्रोनच्या घडीच्या हातांचं काम आलं आहे. ते हात रोज उघडतात, मिटतात, झिजतात आणि परत येतात. त्यामुळे बाबांचा ट्रे पुन्हा टेबलावर आला आहे. नवीन मुलांना मी आधी ट्रेवर बसवते, मग कपाटाकडे पाठवते.

त्या मुलांना मी गुरूकडे निघालेल्या युरोपच्या ज्यूस यानाची गोष्ट सांगते. एप्रिल २०२३ मध्ये निघालेल्या या यानाची १६ मीटरची रडार अँटेना एका छोट्या पिनमुळे अडकली होती. पिन सरकायची राहिली होती ती फक्त काही मिलिमीटर. यान हलवून पाहिलं, सूर्याकडे वळवून तापवलं आणि अखेर १२ मे रोजी शेजारच्या सुटका-यंत्राचा धक्का देऊन ती मोकळी केली. एक मुलगा विचारत होता, "मॅडम, ती पिन बनवणाऱ्याला तो महिना झोप लागली असेल का?" मला हा प्रश्न फार आवडला. त्याला आता साक्षीदारांची वही सांभाळायला दिली आहे.

मामा आता रोज येत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. पण मोजणीच्या दिवशी येतात. या वर्षीही आले. पहिल्या ऑर्डरच्या ३ साक्षीदार स्प्रिंगा अजून क्लॅम्पमध्ये आहेत, त्यांच्या भावंडांचं वरचं काम केव्हाच संपलेलं. मामांनी टॉर्क गेज लावला, काटा स्थिर होईपर्यंत थांबले, आकडा मोठ्याने सांगितला. मुलाने लिहिला. "परत घे," मामा म्हणाले आणि पुन्हा मोजलं. गेल्या वर्षीच्या आकड्यापेक्षा फरक गेजच्या लीस्ट काउंटच्या, म्हणजे त्याला दाखवता येणाऱ्या सगळ्यात लहान मापाच्या, आत होता. मामांनी क्लॅम्प आवळला, फडक्याने धूळ पुसली आणि पुढच्या लॉटचा खण ओढला.