पान क्रमांक ११२

कारागृहाच्या मुलाखत कक्षात जाळीपलीकडे बसलेल्या त्या तरुणापुढे मी त्याच्याच कागदपत्रांच्या गठ्ठ्यातले ११२ क्रमांकाचे पान धरले आणि त्यात काय लिहिले आहे ते वाचायला सांगितले. सातवीपर्यंत शिकलेला, रोज मराठी वर्तमानपत्र वाचणारा तो मुलगा त्या पानावरून बराच वेळ नजर फिरवत राहिला. पान रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाचे होते आणि ते पूर्णपणे इंग्रजीत होते. शेवटी त्याने एका आकड्याकडे बोट दाखवले आणि विचारले, “हे अठ्ठावीस म्हणजे कलम हाय का जी, मॅडम?”

ते कलम नव्हते. त्याच्याकडून जप्त केलेल्या द्रवात इथाइल अल्कोहोलचे प्रमाण २८ टक्के आढळले, असे तो अहवाल सांगत होता. ज्या आदेशाने त्याला खटल्याविना बारा महिन्यांपर्यंत डांबून ठेवता येणार होते, त्या आदेशाचा कणाच हा अहवाल होता.

त्याच्या आईने आठवडाभर आधी तो गठ्ठा नायलॉनच्या पिशवीत घालून माझ्या कार्यालयात आणला होता. एकूण १८७ पाने होती. जिल्हादंडाधिकाऱ्यांचा स्थानबद्धतेचा आदेश आणि त्याची कारणे मराठीत होती; दारूबंदी अधिनियमाखालच्या तीन गुन्ह्यांच्या फिर्यादी, पंचनामे आणि नावे झाकलेल्या दोन साक्षीदारांचे गोपनीय जबाबही मराठीतच होते. इंग्रजीत होती ती फक्त अकरा पाने, म्हणजे विश्लेषकाचे अहवाल आणि अशा दारूने शरीरावर काय परिणाम होतो याविषयीचे वैद्यकीय अधिकाऱ्यांचे मत. गठ्ठ्याच्या शेवटच्या पानावर रबरी शिक्क्याने उमटवलेली एक ओळ होती, ‘वरील सर्व कागदपत्रे मला मिळाली, वाचून दाखवली व समजावून सांगितली’, आणि त्याखाली त्या मुलाची वळणदार देवनागरी सही होती. ती सही पाहिली तेव्हाच मला वाटले की ज्याला देवनागरीत इतकी चांगली सही करता येते, त्याला वाचून दाखवण्याची गरज का भासावी?

तिन्ही गुन्ह्यांत त्याला जामीन मिळालेला होता. त्यानंतर त्याला १९८१ च्या कायद्याखाली स्थानबद्ध करण्यात आले. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती वगैरेंच्या विघातक कृत्यांना आळा घालण्यासाठी केलेल्या या कायद्याला पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत सगळे एमपीडीए म्हणतात. माणसाने काल जे केले त्यासाठी खटला चालतो. उद्या तो जे करील असे प्रशासनाला वाटते, त्यासाठी स्थानबद्धता असते. तिच्यात पुराव्याची छाननी होत नाही आणि साक्षीदाराची उलटतपासणीही होत नाही. हा अधिकार राज्यघटनेने सरकारला मूलभूत हक्कांच्याच भागात, अनुच्छेद २२ मध्ये, दिलेला आहे, हे विद्यार्थीदशेत प्रथम वाचले तेव्हा मला धक्का बसला होता आणि तो अजूनही पुरता ओसरलेला नाही. मात्र त्याच अनुच्छेदाच्या पाचव्या खंडात घटनाकारांनी सरकारवर दोन बंधने घातली आहेत. स्थानबद्ध केलेल्या माणसाला कारणे शक्य तितक्या लवकर कळवली पाहिजेत आणि आदेशाविरुद्ध निवेदन करण्याची संधी त्याला लवकरात लवकर दिली पाहिजे. १९८१ च्या कायद्यात कारणे कळवण्याची मुदत पाच दिवसांची आहे, आणि राज्य शासनाने बारा दिवसांत मान्यता दिली नाही तर आदेश गळून पडतो. पुढे प्रकरण तीन आठवड्यांच्या आत, स्थानबद्धतेला पुरेसे कारण आहे का ते पाहणाऱ्या सल्लागार मंडळाकडे जाते, पण त्या मंडळापुढे वकील उभा करण्याचा हक्क स्थानबद्धाला नाही. जे काही म्हणायचे ते त्याने स्वतः म्हणायचे. म्हणून त्याच्या हातात दिलेले कागद त्याला वाचता येतात की नाही, या प्रश्नाला मी तांत्रिक मुद्दा मानत नाही, आणि जे सहकारी तसे म्हणतात त्यांच्याशी मी अनेकदा वाद घातला आहे.

‘कळवणे’ म्हणजे काय, हा प्रश्न नागपुरातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९६१ साली नागपूरच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांनी हरिकिसन नावाच्या एका माणसाला स्थानबद्ध केले आणि त्याला कारणे इंग्रजीत दिली. त्याला इंग्रजी येत नव्हते. कारणे त्याला हिंदीतून तोंडी समजावून सांगितली होती आणि इंग्रजी ही त्या वेळी राजभाषा होतीच, असे सरकारचे म्हणणे होते, आणि उच्च न्यायालयाने ते मान्यही केले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो निर्णय फिरवला. इंग्रजी न जाणणाऱ्या माणसाला कारणे त्याला समजेल अशा भाषेत आणि, तो साक्षर असेल तर, त्याला वाचता येईल अशा लिपीत दिली पाहिजेत, कारण ती कळल्याशिवाय तो परिणामकारक निवेदन करूच शकत नाही, असे न्यायालयाने सांगितले. माझ्या ज्येष्ठ वकिलांनी मला फौजदारी रिटच्या, म्हणजे अशा आदेशांना उच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्या याचिकांच्या, कामात घेतले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा निवाडा वाचायला दिला होता, आणि “हा आपल्या गावचा आहे,” असे ते मोठ्या आपुलकीने म्हणाले होते.

स्थानबद्धतेच्या आदेशाविरुद्ध मी उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. सुनावणीच्या दिवशी आमचे प्रकरण बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, सतराव्या क्रमांकावर होते. मुलाची आई सकाळी साडेनऊपासून न्यायदालनाबाहेरच्या बाकावर बसून होती. आत मागच्या रांगेत पुकाऱ्याची वाट पाहत असताना, अशा याचिकेच्या वेळी नेहमी येतो तो विचार माझ्या मनात आला. आणीबाणीत स्थानबद्धांच्या याचिका ऐकून घ्यायचे धैर्य ज्या उच्च न्यायालयांनी दाखवले, त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे हे नागपूर खंडपीठही होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते सगळे निर्णय रद्द केले आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद २१ चा अंमल निलंबित असेपर्यंत स्थानबद्धाला न्यायालयाचे दार बंद केले. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी भिन्नमत नोंदवले, आणि पुढे जानेवारी १९७७ मध्ये सेवाज्येष्ठता डावलून त्यांचे सरन्यायाधीशपद दुसऱ्याला देण्यात आल्यावर त्यांनी राजीनामा दिला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१ आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही अशी तरतूद केली. तो निवाडा मात्र २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या हक्काच्या प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, स्पष्ट शब्दांत रद्दबातल ठरवला. १९७६ च्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते, आणि २०१७ मध्ये तो निवाडा चुकीचा होता असे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचे पुत्र. सतराव्या क्रमांकाची वाट पाहणाऱ्या त्या बाईला यातले काहीच माहीत असण्याचे कारण नव्हते, पण तिचा बाक त्याच इतिहासावर टेकलेला होता.

दुपारी सव्वाबाराला पुकारा झाला. अतिरिक्त सरकारी वकिलांनी जोरकस युक्तिवाद केला, आणि त्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. विदर्भातल्या गावांत हातभट्टीने किती संसार मोडले आहेत ते मी माझ्या आजोळी पाहिले आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे ती उगाच नाही. त्यांचे म्हणणे असे होते की कारणांच्या मराठी मसुद्यात अहवालाचा उल्लेख आहे, अहवाल हा तपशिलाचा भाग आहे, आणि कागद समजावून सांगितल्याची स्थानबद्धाची सही आहे.

माझा मुद्दा एवढाच होता की हा अहवाल तपशिलाचा भाग नाही. बेकायदा दारू विकणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी दारूबंदी कायदा आहे. पण स्थानबद्धता करायची तर ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ बिघडली पाहिजे. राममनोहर लोहियांच्या १९६५ च्या प्रकरणात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी हा फरक एकात एक असलेल्या तीन वर्तुळांनी समजावला होता. सर्वांत बाहेरचे वर्तुळ कायदा आणि सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. बाहेरच्या वर्तुळात घडलेली प्रत्येक गोष्ट आतल्या वर्तुळापर्यंत पोचते असे नाही. हातभट्टीवाल्याला बाहेरच्या वर्तुळातून आत ओढून आणण्यासाठी त्याची दारू लोकांच्या जिवाला किंवा आरोग्याला घातक आहे, हे दाखवावे लागते. ते दाखवणारे कागद या गठ्ठ्यात कोणते होते? तीच अकरा पाने.

न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना विचारले, “हा अहवाल आदेशात केवळ संदर्भापुरता आला आहे, की आदेश त्याच्या आधारावर उभा आहे?” सारा निकाल या प्रश्नावर अवलंबून होता, कारण सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये, हातभट्टीच्याच आरोपावरून स्थानबद्ध केलेल्या एका तामिळ स्त्रीच्या प्रकरणात, हाच भेद केला होता. नुसता उल्लेख असलेला कागद दिला नाही तरी आदेश टिकू शकतो; पण आदेश ज्या कागदावर विसंबून काढला आहे, तो स्थानबद्धाला समजणाऱ्या भाषेत दिला नाही तर आदेश टिकत नाही.

सरकारी वकील क्षणभर थांबले. मी उठून प्रतिज्ञापत्राच्या नवव्या परिच्छेदाकडे पीठाचे लक्ष वेधले. त्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांनी स्वतःच म्हटले होते की रासायनिक विश्लेषकाचे अहवाल व वैद्यकीय मत यांवरून सदर दारू मानवी आरोग्यास अपायकारक असल्याबाबत त्यांचे समाधान झाले. न्यायमूर्तींनी तो परिच्छेद मोठ्याने वाचला. मग ११२ क्रमांकाचे पान काढून सरकारी वकिलांना विचारले की याची मराठी प्रत गठ्ठ्यात कोणत्या पानावर आहे. तसे पान नव्हते. शिक्क्याखालच्या सहीविषयी पीठाने हरिकिसनचाच आधार घेतला. साक्षर माणसाला तोंडी समजावणे हे कळवणे होत नाही, एवढे एक वाक्य त्यासाठी पुरले.

आदेश तिथल्या तिथे, खुल्या न्यायालयात, इंग्रजीतून सांगून लघुलेखकाकडून लिहून घेण्यात आला. स्थानबद्धतेचा आदेश रद्द, आणि अन्य कोणत्याही गुन्ह्यात आवश्यक नसल्यास तात्काळ मुक्त करावे. मी बाहेर आले तेव्हा आई बाकावरून उठून उभी होती. दार उघडे असल्यामुळे तिला सगळे ऐकू आले होते, पण त्यातले काहीच कळले नव्हते.

“सायेब काय बोलले जी?”

मी सांगितले. ती रडली नाही. तिने विचारले, “म्हणजे त्यानं काई केलं नाई, असं बोलले का?”

मला नाही म्हणावे लागले. न्यायालयाने तसे म्हटलेले नाही. तिन्ही खटले तालुक्याच्या न्यायालयात चालतीलच आणि दोष सिद्ध झाला तर शिक्षाही होईल. त्याला का पकडून ठेवले ते त्याला वाचता येईल असे सांगायला हवे होते आणि तसे सांगितले नाही, एवढेच न्यायालयाने म्हटले आहे. तिने थोडा वेळ विचार केला आणि मान डोलावली. हे उत्तर तिला कमी वाटले की पुरेसे, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळले नाही.

आदेश कारागृहात पोचून नोंदी होईपर्यंत संध्याकाळचे पावणेआठ वाजले. तो बाहेर आला तेव्हा तोच गठ्ठा त्याच्या काखेत होता. आईच्या पाया पडून झाल्यावर त्याने गठ्ठा सोडवला, ११२ क्रमांकाचे पान काढले आणि माझ्यापुढे धरले. पुढच्या महिन्यात त्या गुन्ह्याची तारीख होती. “याचं मराठी करून द्या, मॅडम. मले वाचाचं हाय.”

फाटकाजवळच्या दिव्याखाली, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, मी त्या पानाच्या कोऱ्या मागच्या बाजूला पेनने भाषांतर लिहिले: नमुना कधी मिळाला, बाटलीवरची मोहोर शाबूत होती, चाचणी कोणती केली, प्रमाण किती निघाले. अहवाल अवघा नऊ ओळींचा होता. मला सात-आठ मिनिटे लागली.