विक्रेत्याचे कर्ज बाकी असलेली सदनिका घेताना

पुण्यात २०२४ साली आम्ही जी सदनिका घेतली, तिच्यावर विक्रेत्याचे सुमारे १९ लाख ४० हजार रुपयांचे गृहकर्ज बाकी होते आणि तिची मूळ कागदपत्रे त्यांच्या बँकेकडे गहाण होती. व्याजदराची चौकशी मी महिनाभर केली. ‘विक्रेत्याचे कर्ज बाकी आहे’ या एका वाक्याचा अर्थ काय होतो, याची मात्र पुरेशी केली नव्हती.

व्यवहार ६८ लाखांचा ठरला. ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी फी त्या किमतीत धरली जात नाही. आम्हाला ५२ लाख मंजूर झाले. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी हप्ता ४५,१२७ रुपये बसला. उरलेले १६ लाख आमचे. पुण्यात तेव्हा मुद्रांक शुल्क सात टक्के होते, परंतु सदनिका केवळ महिलेच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत मिळे. म्हणून ती माझ्या एकटीच्या नावावर घेऊन यजमानांना फक्त कर्जात सहअर्जदार केले. त्यामुळे ६८ हजार वाचले, तरी ४ लाख ८ हजार शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी रोख उभी करावी लागलीच. कर्जासाठी दस्त गहाण ठेवल्यावर ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’, म्हणजे त्या गहाणाची नोंदणी कार्यालयाला द्यायची सूचना, ३० दिवसांत दाखल करावी लागते, तिच्या ०.३ टक्के शुल्काचे १५,६०० रुपये आमच्या हिशेबाच्या वहीत सुरुवातीला नव्हतेच.

साठेखतापूर्वी वकिलांनी एक गोष्ट आवर्जून करायला लावली: विक्रेत्यांचे पॅन आधारशी जोडलेले आहे की नाही, ते पाहणे. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असल्याने एक टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या प्राप्तिकरापोटीची कपात) कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची होती. पॅन निष्क्रिय असते, तर तोच दर २० टक्के झाला असता, म्हणजे ६८ हजारांऐवजी १३ लाख ६० हजार. सुदैवाने जोडणी झालेली होती. टीडीएसची पूर्ण रक्कम आम्ही आमच्या हिश्श्यातूनच कापून भरली.

विक्रेते निवृत्त गृहस्थ होते. आम्ही त्यांना काकाच म्हणत असू. त्यांच्या बँकेकडून दोन पत्रे हवी होती: एक, तिच्या ताब्यातील कागदपत्रांची यादी, आणि दुसरे, कर्ज पूर्ण फेडण्यासाठी अमुक तारखेला किती रक्कम लागेल याचे पत्र. यादी आली तेव्हा बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेला करारनामा आणि पहिल्या मालकाकडून काकांनी घेतलेल्या सदनिकेचा दस्त, दोन्ही मूळ स्वरूपात तिथे असल्याचे दिसले व आमच्या बँकेच्या वकिलांनी मालकी तपासणाऱ्या शोध अहवालावर सही केली. सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट मात्र काकांच्या कपाटात होते, आणि त्यावर अजून पहिल्याच मालकाचे नाव होते. ते बदलून घेण्यात सोसायटीच्या दोन सभा गेल्या.

खरा घोळ पुढे झाला. फेडीच्या पत्रात १२ जूनपर्यंतची रक्कम होती आणि त्यानंतर प्रत्येक दिवसाला ४६५ रुपये व्याज, हे खाली बारीक अक्षरात होते. काकांचे कर्ज आधी फेडण्यासाठी आमच्या बँकेने आमच्या कर्जातून पत्रावरचाच आकडा घालून डिमांड ड्राफ्ट काढला, पण तो हातात येऊन जमा होईपर्यंत १८ तारीख उजाडली. काही दिवसांनी काका कागदपत्रांची चौकशी करायला त्यांच्या बँकेत गेले, तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सांगितले, “काका, तुमचे खाते बंद झालेले नाही, २,७९० रुपये बाकी आहेत.” साडेएकोणीस लाखांच्या जवळपास रक्कम भरूनही खाते उघडे, आणि खाते उघडे असल्याने कागदपत्रे मागवण्याची प्रक्रियाही सुरू झालेली नाही. काकांनी पैसे तिथल्या तिथे भरले. माझ्या मते असा ड्राफ्ट काढताना आठ-दहा दिवसांचे व्याज वाढवूनच घालावे. जास्तीचे पैसे विक्रेत्याला परत मिळतात, कमी पडले तर दोन्ही घरे अडकतात.

मूळ दस्त दुसऱ्या शहरातील भांडारात होते. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करावीत आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दर दिवशी ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३पासून लागू झाला आहे. काकांनी खाते बंद झाल्याच्या दाखल्याबरोबर त्या नियमाचा उल्लेख असलेला साधा अर्ज देऊन पोच घेतली. दस्त २६व्या दिवशी आले. अर्जाचा परिणाम झाला की ते एरवीही आले असते, कोण जाणे.

मधल्या काळात आमची स्थिती विचित्र होती. उचललेल्या १९ लाख ४० हजारांवर महिन्याला सुमारे १३,७०० रुपये नुसते व्याज जात होते, त्यातून मुद्दल एक रुपयानेही कमी होत नव्हते, आणि राहत्या जागेचे भाडे चालूच होते. मूळ दस्त ताब्यात आल्याशिवाय आमची बँक उरलेले ३२ लाख ६० हजार देणार नव्हती, आणि पूर्ण पैसे मिळाल्याशिवाय काका ताबा देणार नव्हते. त्यात त्यांचे काही चुकत नव्हते.

जुलैअखेरीस त्यांच्या बँकेतून निघालेले दस्त आमच्या बँकेच्या प्रतिनिधीने यादीशी पान-पान ताडून घेतले, त्यानंतर चार दिवसांनी दुसरा ड्राफ्ट मिळाला आणि खरेदीखत झाले. उशीर आमच्या बँकेचा होता म्हणून मी ते २,७९० रुपये पाकिटात घालून नेले होते. काकांनी ते घेतले नाहीत, किल्ल्यांबरोबर महावितरणचे शेवटचे बिल मात्र हातात ठेवले आणि म्हणाले, “हे तेवढे तुम्ही भरा.” ते १,१४० रुपयांचे होते.