परसातला स्टुडिओ: जुनं कुठं चालतं, नवंच कुठं लागतं

चित्रं काढायला घरामागं 10 बाय 12 फुटांची खोली पुरते. कॅनव्हास, टेबल, रंगांचं कपाट आणि दोन पावलं मागं सरून चित्र बघायला जागा. मराठवाड्यात अशा खोलीचं निम्म्याहून जास्त सामान जुनं मिळतं: पाडलेल्या वाड्यांची दारं-खिडक्या, भंगारातलं लोखंड, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याकडच्या कारखान्यांतून निघालेली लाकडी पॅलेट (माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटी) आणि शेतातल्या तुराट्या. पण पाया, पत्र्याचे हुक आणि वायरिंग या तीन ठिकाणी जुन्याचा मोह धरू नका.

आधी दारं-खिडक्या आणा, मग नकाशा काढा. उलटं केलं की सुतार जुनी चौकट कापून बसवतो आणि सागवान वाया जातं. वाड्याचं दार बहुतेक वेळा ठेंगणं असतं, साडेपाच फुटांच्या आसपास. ते कापाकापी न करता बसवायचं तर चौकट उंबऱ्याखाली विटांचा एक थर देऊन उचलायची आणि बाहेर एक पायरी द्यायची. पल्ले जड असतात, म्हणून चौकटीला दोन्ही बाजूंनी तीन-तीन होल्डफास्ट (भिंतीत रुतवायच्या लोखंडी पट्ट्या) हवेत. लाकूड घेताना हातोडीनं ठोकून ऐका. भद्द आवाज आला किंवा पिठासारखा भुगा पडला, तर ते सरपणाच्या भावातही नको.

खिडकीची दिशा उत्तर. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, सावल्या मऊ पडतात. पण आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर तिरपं ऊन सरळ उत्तरेच्या खिडकीत शिरतं. म्हणून वर दीड फुटाचं छप्पर पुढं काढा आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना फूटभर रुंदीची उभी फळी लावा. थंड देशातली चित्रं बघून केलेल्या स्टुडिओत हा आडोसा नसतो आणि उन्हाळ्यात कॅनव्हासवर उन्हाचा पट्टा पडतो.

आता पाया. इथं काटकसर केली की सगळं वाया. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा देते. तिच्यावर थेट फरशी टाकली तर दुसऱ्या वर्षी ती मधून उचलली जाते. 12 बाय 14 फुटांचा दीड फूट खोल खड्डा घेऊन काळी माती पूर्ण काढा. मग मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाका, प्रत्येक थरावर पाणी मारा, धुम्मसानं चोपा. जमिनीच्या वर एक फूट जोतं धरलं तर सुमारे 5 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) सुटा मुरूम लागतो, चोपल्यावर तो पाऊणपट होतो. काही जण स्वस्तात मिळाली म्हणून खड्ड्यात वाळू भरतात. काळ्या मातीतला वाळूचा खड्डा म्हणजे हौद: पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही आणि खालची माती महिनोन्‌महिने फुगलेली राहते.

जोत्याची कड वाड्याच्या काळ्या दगडात, सिमेंटमध्ये बांधा. दगडाची जागा तेवढीच. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवर माळवदाचं वजन यांनी 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी-सास्तूर भागात काय केलं, हे इथं कुणाला सांगायला नको. दगड फुकट मिळतो म्हणून वर चढवायचा नाही.

म्हणून सांगाडा लोखंडाचा, वजन खाली आणि वरचं सगळं हलकं. दोन इंची जुन्या जाड पाइपाचे सहा खांब, लांब बाजूंना तीन-तीन. उत्तरेकडं फरशीपासून 10 फूट, दक्षिणेकडं साडेआठ. खड्डे दीड फूट चौरस आणि मूळ जमिनीपासून अडीच ते तीन फूट खोल. खांबाच्या तळाशी फूटभर अँगलचा आडवा तुकडा वेल्ड करा, म्हणजे वादळात खांब वर उपटत नाही. काँक्रीट 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी), सहा खड्ड्यांना सिमेंटची साधारण 8 पोती. पाइप तुकड्यांत मिळाला तर जोड वरच्या अर्ध्यात येऊ द्या. जमिनीलगत गंज आणि ताण दोन्ही जास्त, तिथला जोड आधी जातो. आडव्या तुळयांना तीन इंची चॅनेल. ते मीटरला 7 किलोच्या आसपास भरतं, म्हणून 13 फुटांच्या तीन तुळयांना 85 किलो धरून भंगारवाल्याशी बोला. तिथं सगळं किलोवर चालतं, आकडा हातात नसला की गंजाचे पैसे मोजावे लागतात. तुकडा तारेच्या ब्रशनं घासून बघा: खवले निघून खाली खड्डे दिसले तर सोडा, वरवरचा तांबडा गंज चालतो.

भिंत तीन फुटांपर्यंत विटांची, अर्ध्या विटेच्या जाडीची. 600 विटा पुरतात. चुन्यातली जुनी वीट हातोडीच्या दोन टिचक्यांत साफ होते. सिमेंटमधली निम्मी फुटते, ती घेऊच नका. दोन विटा एकमेकींवर वाजवा, खणखणीत आवाज यायला हवा. शंका असेल तर कोरडी वीट वजन करून 24 तास पाण्यात ठेवा. वजन पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त वाढलं तर ती कच्ची. गोठ्यातली किंवा न्हाणीतली वीट कितीही चांगली दिसू दे, तिच्यात लोणा म्हणजे क्षार असतो. पहिल्या पावसाळ्यानंतर रंग पोपडे धरून गळतो.

तीन फुटांच्या वर तुराट्यांचा कुड. विटांची पट्टी खाली ठेवण्याचं आणखी एक कारण वाळवी: तिला विटेवरून मातीची नळी करत चढावं लागतं, ती दिसते आणि झाडूनं पाडता येते. कुड थेट जमिनीतून उभा केला तर आतून पोकळ झाल्यावरच कळतं. तुराट्या पॅलेटच्या फळ्यांच्या चौकटीत उभ्या दाबून तारेनं बांधा. दोन्ही बाजूंनी गिलावा: तीन पाट्या पांढरी माती, एक पाटी वाळू, वर भुसकट. पाच दिवस भिजत घालून रोज तुडवायचं. काळी माती गिलाव्याला चालत नाही, वाळताना जाळीसारखी फाटते. पहिला थर चिरला तरी घाबरू नका, दुसरा त्या चिरांतच धरतो.

पॅलेट घेताना शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन किडमुक्त केलेलं, ते घ्या. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, बंद खोलीत नको. फळ्या पहारीनं उचकटल्या की खिळ्यापाशी चिरतात. फळी आणि ठोकळ्याच्या मधून हॅक्सॉ ब्लेड घालून खिळेच कापा.

छप्पर. जुना सिमेंटचा पत्रा कुणी फुकट दिला तरी नको. त्यात ॲस्बेस्टॉस असतो, कापताना-भोकं पाडताना उडणारी धूळ फुप्फुसात कायमची बसते. गॅल्वनाइज्ड पत्रा 8 फुटी, 10 नग: पाच खाली, पाच वर. लांबी जास्त होते, पण कापू नका, मधल्या जोडावर चढू द्या. मावळतीच्या वाऱ्याचा विचार करून पत्रे उगवतीकडून टाकत या, म्हणजे चढवलेल्या पत्र्याची कड वाऱ्याकडं तोंड करत नाही. आडवे पाइप तीन-तीन फुटांवर. हुक नवे, वायसर नवे, आणि भोक पन्हाळीच्या माथ्यावर, खोलगटात नाही. कडेच्या ओळींना एकाआड एक पन्हाळीला हुक द्या, कारण वळवाचा वारा पत्रा कडेपासूनच उचलतो. वर दगड-टायर ठेवून भागत नाही. वादळात तेच दगड खाली येतात. जुनी भोकं दोन्ही बाजूंनी घासून एम-सीलनं बुजवा आणि मगच पांढरा चुना लावा.

नुसत्या पत्र्याखाली एप्रिलमध्ये बसवत नाही आणि ॲक्रिलिक रंग कालवायच्या थाळीवरच वाळतो. पत्र्याच्या सहा इंच खाली बारदानाचं आढं ताणा, त्यावर गिलाव्याचा पातळ हात द्या आणि दोन्ही टोकांना जाळी लावून हवा खेळती ठेवा. पावसाचा ताशाही त्यानं बराच दबतो. पण या पोकळीतून वायर नेऊ नका. वायर पूर्ण नवी, अडीच एमएमची, भिंतीवरून पाइपात. घरातून वेगळा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा) आणि 30 मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा). सांगाडा लोखंडाचा आहे, तेव्हा त्याला वेगळं अर्थिंग दिल्याशिवाय पंखासुद्धा लावू नका.

फरशीला शहाबादीचे जुने तुकडे. उरलेले बाहेर भिंतीलगत अडीच फुटांच्या पट्ट्यात, बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवा. छपराचं पाणी याच पट्ट्यावर पडून दूर जायला हवं, भिंतीलगत मुरलं तर मुरमाची सगळी मेहनत बुडाली.

वाहतूक विसरली जाते. चार गावांतून चार वेळा छोटा हत्ती आणला तर जुन्या सामानाची बचत भाड्यात जाते. एकाच वाड्याचं दार, वीट आणि दगड मिळून सौदा करा. तुराट्या माघ-फाल्गुनात हाताशी येतात, तेव्हा काम सुरू करून मृगाआधी गिलावा पूर्ण वाळला पाहिजे. पहिल्या मोठ्या पावसात खडू घेऊन आत उभं राहा, जिथं थेंब दिसेल तिथं आढ्यावर खूण करा आणि ऊन पडल्यावर वरून त्याच जागेच्या हातभर चढाकडं भोक शोधा. पाणी पत्र्याखालून उताराला धावतं, भोकाच्या बरोबर खाली क्वचितच गळतं.