घरपट्टी अर्धी करा!

2025 साली गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी आले. सणाच्या दिवशी ग्रामसभेला कोरम जमेल असं मला वाटलं नव्हतं. पण वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या भागात पावसानं सोयाबीन वावरातच काळं पडलं होतं. सोंगणीची घाई कुणालाच नव्हती, म्हणून माणसं आली. एकानं तर नव्या ट्रॅक्टरची पूजा आटोपून ते हारासकट ग्रामपंचायतीसमोरच उभं केलं.

तोंड त्यानंच फोडलं. "सचिव साहेब, सरकारनं ट्रॅक्टरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आणला. नोकरदाराइले 12 लाखांपर्यंत माफी देली. मंग आमची घरपट्टी अर्धी कराले काय होते?"

टाळ्या पडल्या. सरपंचताईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यासमोर नमुना 9, म्हणजे करमागणीची वही, उघडाच होता आणि त्यात थकबाकीचा आकडा चालू मागणीपेक्षा मोठा होता. बिल थकल्यामुळे पथदिव्यांची वीज तोडलेली होती. अंधाराची तक्रार घेऊन येणारे आणि आता टाळ्या वाजवणारे बरेचसे एकच.

घरपट्टीचे दर शासनाच्या किमान-कमाल मर्यादेतच ठेवावे लागतात. हा नियम दाखवून विषय तिथंच मिटवता आला असता. पण माणूस केंद्राचं उदाहरण देत होता, म्हणून मी खडू घेऊन फळ्यावर केंद्राचाच हिशोब मांडला. आयकराच्या त्या सवलतीनं सुमारे 1 लाख कोटींचा महसूल सोडला. त्याच 2025-26 च्या अर्थसंकल्पात येणाऱ्या प्रत्येक रुपयातले 24 पैसे कर्जाचे होते, आणि जाणाऱ्या रुपयातले 20 पैसे नुसत्या व्याजात जाणार होते. वर्षाची तूट 15.69 लाख कोटी, म्हणजे जीडीपीच्या, देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या, 4.4 टक्के. तरी सरकार म्हणतं, एकूण कर्ज जीडीपीच्या 57 टक्क्यांवरून 2031 पर्यंत 50 टक्क्यांच्या आसपास आणू.

मागं भिंतीला टेकून बसलेले एक आजोबा उठले. "थांबा सायेब. दरसाल नवं कर्ज काढून रायले, अन् कर्ज कमी होईन म्हणता?"

आकडा वाढणारच, पण देशाचं उत्पन्न त्याहून जास्त वाढेल आणि प्रमाण उतरेल, असं मी सांगितलं. सूट मिळाली की लोक खर्च करतील, धंदा वाढेल, थोडा कर मागच्या दारानं परत येईल, हाही हिशोब त्यात आहे.

"असं होय! म्या बी हेच केलं," आजोबा म्हणाले. "कर्ज तेवढंच ठेवलं अन् ओलीत वाढवलं. ओझं हलकं वाटे. पण यंदा पीक पाण्यात गेलं. आता थेच कर्ज केवढं झालं, सांगा मले."

या प्रश्नावर माझ्याकडे फळ्यावर लिहिण्यासारखं काही नव्हतं. सोयाबीनचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये होता, पण डागी माल त्या भावात घेतो कोण? अर्थसंकल्पातलं प्रमाणही वाढीच्या अंदाजावरच उभं असतं. अंदाज चुकला तर सोडलेला कर परत येत नाही, व्याज मात्र ठरल्या तारखेला द्यावं लागतं.

बचत गटाच्या एका ताईंनी मुद्दा गावात आणला. "दिल्लीले कर्ज भेटते. आपल्या पंचायतीले कोन देते? आपलं कर्ज म्हणजे थे लाइटीचं बिल."

मग ठरलं ते असं: दर तसाच ठेवायचा. थकबाकी हप्त्यानं घ्यायची, आणि वसुलीतून आधी पथदिव्यांचं बिल भरायचं. ट्रॅक्टरवाल्याला ते पटलं नाही. पीक बुडालेल्या वर्षी हप्ता तरी कुठून आणायचा, असं तो म्हणाला, आणि त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. विरोध प्रोसिडिंगमध्ये लिहा, असा हट्ट त्यानं धरला. मी त्याच्या शब्दांत तो लिहून घेतला आणि वाचून दाखवून खाली त्याची सही घेतली.