उजव्या कोपऱ्यातली शिळा

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये सगळी गर्दी एकाच दिशेनं वाहते, रेम्ब्रांटच्या ‘नाईट वॉच’ या चित्राकडे. मीही वाहत गेले, लोकांच्या डोक्यांवरून ते बघितलं, फोटो काढला. पाय बोलायला लागले म्हणून गर्दीतून बाजूला झाले आणि फिरत फिरत एका लहानशा चित्रापुढे आले. तिथून मग अर्धा तास हलले नाही.

लाकडी फळीवरचं तैलचित्र, रुंदी जेमतेम पाऊण मीटर. असेंडेल्फ्ट गावातलं सेंट ओडल्फस चर्च, आतून. चित्रकार पीटर सानरेडम, साल 1649. पहिल्या नजरेत त्यात काहीच नाही. पांढऱ्या भिंती, मोकळी जमीन आणि लांबवर प्रवचन ऐकणारी इवलीशी माणसं. प्रोटेस्टंटांच्या ताब्यात आल्यावर इथल्या चर्चमधल्या मूर्ती गेल्या, भिंतींना चुना लागला. जुन्या गोव्यातले सोन्यानं मढलेले अल्तार, म्हणजे चर्चमधल्या वेद्या, बघितलेल्या मला आधी ते ओकंबोकंच वाटलं. पण जरा थांबलं की कळतं, यातला पांढरा एक नाही. उजेडाकडचा दुधाळ, आडोशाचा राखी, मधूनच पिवळट झाक.

मग उजवीकडे, खाली, जमिनीत बसवलेली एक शिळा दिसली. तिच्यावर अक्षरं आहेत. यान सानरेडम या नामवंत एनग्रेव्हरच्या, म्हणजे पत्र्यावर चित्रं कोरणाऱ्याच्या, थडग्याची ती शिळा. म्हणजे चित्रकाराच्या वडिलांची. ते 1607 साली गेले तेव्हा पीटरला दहावंही पुरं झालं नव्हतं.

हा माणूस भावनेच्या भरात रंगवणाऱ्यांतला नव्हे. चर्चमध्ये बसून रेखाटन करायचं, मापं घ्यायची, घरी येऊन पट्टीनं पर्स्पेक्टिव्हचा, म्हणजे जवळचं मोठं-लांबचं लहान दाखवणारा, पक्का आराखडा काढायचा, त्या कागदाची मागची बाजू काळी करायची आणि रेघा गिरवून फळीवर उतरवायच्या. रंगाचा ब्रश कधीकधी कित्येक वर्षांनी हातात यायचा. अशा हिशेबी कामात त्यानं बापाचं नाव असं ठेवलंय की नुसतं चालत गेलं तर दिसूही नये. ते चर्च एकोणिसाव्या शतकात पाडलं. चित्रातलं मात्र शाबूत आहे.

दुसऱ्या दिवशी ट्रेननं हार्लेमला गेले. वीसेक मिनिटांचा प्रवास. तिथलं सेंट बाव्हो चर्च सानरेडमनं बऱ्याचदा रंगवलं आणि 1665 साली त्याला पुरलंही तिथेच. आत सगळे ऑर्गन बघायला माना वर करतात. तो आहेच तसा, दहा वर्षांच्या मोझार्टनं वाजवलेला. पण 1738 सालचा, सानरेडमनं न बघितलेला. मी खालीच बघत होते, कारण अख्खी जमीन थडग्यांच्या शिळांची. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस असिसीच्या चर्चमध्येही अशाच शिळा आहेत. तिथे आमची आत्या निऱ्या उचलून, कुणाच्या नावावर पाय पडू नये म्हणून फटी शोधत चालली होती, आणि आम्ही पोरं तिला हसत होतो.

हार्लेममध्ये मी तशीच चालले. फटींवरून, तिरकी. एका शिळेवर पाय पडलाच, तेव्हा सवयीनं वाकून हात लावला. शेजारून एक डच आजोबा खुर्च्यांची चळत घेऊन आले आणि नावांवरूनच खरखर ओढत पुढे निघून गेले.