वैरणीच्या प्रयोगाला निधी मिळाला, पण ई-क्लास जमिनीच्या पत्रासाठी एक खरीप गेला

आर्वी तालुक्यातील आमच्या गावच्या दुग्ध उत्पादक सहकारी संस्थेचा मी सचिव आहे. ज्वारीचा पेरा घटून त्याची जागा सोयाबीन आणि कपाशीने घेतली, तेव्हापासून आमच्याकडे कडब्याच्या गंज्या दिसेनाशा झाल्या. तुरीचे आणि हरभऱ्याचे कुटार मार्चपर्यंत कसेबसे पुरते आणि त्यानंतर गवळाऊ गाई गावाच्या बरड ई-क्लास जमिनीवर, म्हणजे चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीवर, कुसळीच्या वाळल्या काड्या हुंगत फिरतात. या जमिनीवर अंजन आणि मारवेल ही गवते व स्टायलो हा द्विदल चारा यांपैकी काय टिकते, हे दोन वर्षे मोजून पाहावे आणि जे दिसेल ते आसपासच्या गावांतील पशुपालकांना दाखवावे, असा प्रस्ताव आम्ही 2022 च्या फेब्रुवारीत एका निधी देणाऱ्या संस्थेकडे पाठवला. तांत्रिक मार्गदर्शनाचे संमतिपत्र कृषी विज्ञान केंद्राकडून मिळाले आणि प्रस्ताव महिनाभरात तत्त्वतः मंजूरही झाला. अट एकच होती: जमीन वापरण्यास महसूल खात्याची हरकत नाही, असे पत्र जोडावे.

या एका पत्राला तेरा महिने लागले. संबंधित कार्यालयाचे नाव येथे घेत नाही, परंतु तेथे काय घडले ते सविस्तर लिहितो, कारण असा प्रस्ताव करणाऱ्या इतर गावांना ते उपयोगी पडेल.

26 जानेवारीच्या ग्रामसभेचा ठराव, सातबारा आणि गटाचा नकाशा जोडून मी मार्चमध्ये अर्ज दिला. एप्रिलमध्ये गेलो तेव्हा फाईल टेबलावर आहे असे सांगण्यात आले. मे महिन्यात जमिनीची मोजणी हवी असे कळले, म्हणून मोजणीचे पैसे भरले आणि खुणा पक्क्या करून घेतल्या. जूनमध्ये तोंडी उत्तर मिळाले की हा ‘प्रयोजन बदलण्याचा’ विषय असल्याने प्रस्ताव वर पाठवावा लागेल. चराईच्या जमिनीवर गवत लावल्याने प्रयोजन कसे बदलते, हे मी विचारले. त्यावर पुढच्या आठवड्यात या, एवढेच सांगितले गेले. तोवर मृगाचा पाऊस पडून गेला होता. झाशीच्या भारतीय चरागाह आणि चारा अनुसंधान संस्थेतून मागवलेले बियाणे आमच्या दूध संस्थेच्या खोलीत पोत्यात पडून होते आणि रोज सकाळी दूध मोजताना माझी नजर त्या पोत्याकडे जात असे. जुलैचा पहिला पंधरवडा उलटल्यावर त्या वर्षीची पेरणी सोडून द्यावी लागली. ते दुःख मला अजून विसरता आलेले नाही, कारण त्या उन्हाळ्यात चारा नसल्याने आमच्या सभासदांपैकी काहींनी दुभती जनावरे विकली होती.

कार्यालयाची सावधगिरी सर्वस्वी निराधार होती असे मी म्हणणार नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 22 प्रमाणे गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी राखलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणांविषयी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये निकाल दिला, त्याच वर्षी 12 जुलैला राज्य शासनाचा निर्णय निघाला आणि तेव्हापासून गायरानाचा कोणताही कागद पुढे सरकवताना कर्मचाऱ्याचा हात अडखळतो. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. अडचण नेमकी कोठे आहे, हे आठ महिन्यांत कोणीही लिहून दिले नाही.

अखेर नोव्हेंबरमध्ये मी माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचे तिकीट लावून फाईलवरील टिप्पण्यांची प्रत मागितली. ती तिसाव्या दिवशी मिळाली. टिप्पणीत आमच्याच ठरावातील एक वाक्य उतरवून त्याखाली रेघ ओढलेली होती: ‘सदर जमीन संस्थेस गवत लागवडीसाठी देण्यात येत आहे.’ मला त्यात काही वावगे दिसेना. आमच्या गावात एक निवृत्त तलाठी आहेत, त्यांना सगळे काकाजी म्हणतात. त्यांनी कागद हातात घेतला आणि मिनिटभरात म्हणाले, “बाबू, तुम्ही जमीन देऊन राहिले असं लिहिलं, तं त्यानं कागद पुढं पाठवावा तरी कसा?”

काकाजींनी सांगितल्याप्रमाणे आम्ही 26 जानेवारी 2023 ला नवा ठराव घेतला. जमीन ग्रामपंचायतीकडेच राहील, तिचे प्रयोजन चराई हेच राहील, संस्था केवळ लागवड व राखण करील, कोणताही हक्क सांगणार नाही आणि कापलेले गवत गावातील सर्व पशुपालकांना मिळेल, असे त्यात स्पष्ट लिहिले. ‘देण्यात येत आहे’ हे शब्द कोठेही येऊ दिले नाहीत. एप्रिलमध्ये पत्र हातात पडले, तेव्हा मी कार्यालयाच्या पायरीवर बसून ते दोनदा वाचले.

गणपूर्तीची नोंद ठरावासोबत अवश्य जोडावी, हे आधीच सांगायला हवे होते. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती ग्रामसभेला लागते. पहिल्या वेळी आमच्याकडे सह्यांची यादी अपुरी होती आणि कोणी बोट ठेवले असते तर आणखी एक आक्षेप निघाला असता.

निधी कोठे मागावा याविषयीही थोडे लिहितो, कारण सुरुवातीचे दोन आठवडे आम्ही चुकीच्या दारात घालवले. राष्ट्रीय पशुधन अभियानात मुरघास किंवा चाऱ्याच्या गाठी तयार करण्याच्या उद्योगाला 50 टक्के, कमाल 50 लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान आहे; परंतु ते उद्योजकासाठी आहे, गावाच्या सामाईक बरडावर गवत वाढवून मोजण्याच्या कामाला ते लागू पडत नाही. शेतकरी सहल, प्रात्यक्षिक आणि किसान गोष्टी यांसाठी ‘आत्मा’ या कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेकडे तरतूद असते, म्हणून प्रसाराचा काही भाग तेथून होतो का ते आधी पाहावे. आमच्या प्रसाराच्या रकमेतला मोठा भाग आम्ही फलकांऐवजी शिवारफेऱ्यांसाठी ठेवला आणि त्या फेऱ्यांना नंद-गवळी कुटुंबांना, गावच्या गायक्याला (गुराख्याला) आणि गवत कापणाऱ्या बायांना मुद्दाम बोलावले. गुरे कोठे चरतात आणि कोठे तोंड लावत नाहीत, हे त्यांनाच माहीत असते.

अंदाजपत्रकात राखणदाराची मजुरी दोन हंगामांची धरावी. आम्ही एकाच हंगामाची धरली होती, आणि पहिल्या वर्षी चराईबंदी नसेल तर कोवळे ठोंब शेळ्या मुळासकट उपटतात. बियाणे वर्षभर पडून राहिले असेल तर शंभर बिया ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते पाहावे; आम्ही तसे केले आणि अंजनाचे बी थोडे जास्त पेरले. स्टायलोच्या बियांचे कवच कठीण असते, त्यांना पेरण्यापूर्वी गरम पाण्याची प्रक्रिया लागते. हे कृषी विज्ञान केंद्रातून नीट समजून घ्यावे.

2023 च्या जूनअखेर पेरणी झाली. एक पट्टा मूळ गवताचा तसाच ठेवला, म्हणजे तुलना करता येईल. ऑक्टोबरमध्ये एक मीटर लांब-रुंद लाकडी चौकट टाकून आतले गवत कापले, तेथेच ओले वजन घेतले आणि वाळल्यावर पुन्हा तोलले. चौरस मीटरला एक किलो म्हणजे हेक्टरी दहा टन, हा हिशोब बायांनी लगेच पाठ केला. निधी देणाऱ्या संस्थेच्या अहवालाच्या नमुन्यात वजनाचा रकाना होता, पण गवत कोणाच्या गोठ्यात गेले याचा नव्हता. तो रकाना आम्ही हाताने आखून जोडला आणि पहिल्या कापणीच्या दिवशी त्यात सतरा घरांची नावे लिहिली.